रामरावाच्या पिस्तुलाची चक्री

अकोल्याच्या जुन्या शहरात नत्थुजी मिस्त्री बंदुका दुरुस्त करीत. कुठे बार झाला की फौजदार आधी त्यांच्याच दारात येई. त्यामुळे गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की नत्थुजी वस्तूआधी माणसाचा चेहरा निरखत. कापसाच्या तेजीत ही सवय फारच वाढली. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, वाटेत गाड्या लुटल्या जात होत्या, आणि काल नांगर धरणारा माणूस आज कमरेला पिस्तूल लावून फिरत होता.

असाच एका सकाळी चंद्रभान पाटील आला. त्याच्या सहाबारी पिस्तुलाची चक्री, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चाक, तडकली होती. दुसरी चक्री त्याने रुमालात बांधून आणली होती. ती बसवून द्या म्हणाला. नत्थुजींनी ती उजेडात धरली. एका खाचेजवळ त्यांच्याच कानशीची तिरपी रेघ होती. ही त्यांनीच पूर्वी दुरुस्त केलेल्या रामरावाच्या पिस्तुलातली चक्री. कापसाच्या गाड्यांवर राखण करणाऱ्या रामरावाला दिवाळीनंतर मूर्तिजापूरच्या वाटेवर लुटारूंनी मारलं होतं.

"कोठून आनली, पाटील?"

"बाजारात भेटली," म्हणत चंद्रभानने नजर रस्त्याकडे वळवली.

नत्थुजींनी त्याला बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं. फौजदाराकडे जावं, तर माल आपल्याच दुकानात. गप्प बसावं, तर खुन्याला हात दिल्यासारखं. शेवटी मोर्णा नदी ओलांडून ते रामरावाच्या बायकोकडे, दुर्गाबाईकडे गेले. तिने त्यांना आत घेऊन आधी दार लोटलं, मग खरं काय ते सांगितलं. झटापटीत पिस्तुलाची नळी वाकली होती, ते मोडकं पिस्तूल पोलिसांनी तिला परत दिलं, आणि तिनेच ते चंद्रभानला विकलं होतं.

"दिराले सांगू नका, नत्थुभाऊ, नाही तं पैसे तो हिसकून नेईल. पाटलाले बी मीच शपथ घातली."

नत्थुजी परतून कामाला बसले. चक्री फिरली की तिचं भोक नळीसमोर न थांबता केसभर पुढे जाई. तसाच बार काढला असता तर शिसं नळीच्या कडेवर आदळून हातच गेला असता. मागचे दाते जरा जरा घासत, नळीतून सळई घालून एकेक भोक जुळतंय का पाहत त्यांनी ती बसवली.

चंद्रभान आला तो कपाळाला आठ्या घालूनच. मिस्त्री दुर्गाबाईकडे चौकशीला गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्याने पिस्तूल उलटसुलट पाहिलं आणि नत्थुजींच्याच हातात परत दिलं. पहिला बार तुमीच काढा, म्हणाला.

नदीकाठी नत्थुजींनी साही भोकं भरली आणि समोरच्या दरडीवर एकापाठोपाठ एक बार काढले. चंद्रभान बराच मागे उभा होता. धूर निवल्यावर तो जवळ आला.

"काहून गेलते तिच्याकडे?"

"मले वाटलं, रामरावले तुमीच मारलं."

चंद्रभानने त्यांच्या हातून पिस्तूल घेतलं. मग ते कमरेला खोवत म्हणाला, "अन् मले वाटून राहिलं होतं का तुमी मले मारता."

नत्थुजींना राग आला नाही. त्याच्या जागी ते असते, तर त्यांनीही पहिला बार मिस्त्रीलाच काढायला लावला असता.