मी नगरच्या कोर्टात ‘न्हाई’ म्हणाले

बापू,

मला तिसगावातून नेलं तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला आठवायचं नाही. लढाईचे दिवस होते, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. ड्रायव्हर मागची भट्टी पेटवत होता, तेवढ्या वेळात आईनं मला रस्त्याकडेला बसवून माझी वेणी घातली. “तिकडं कोन घालनार तुजी येनी?” एवढंच ती बोलली. सोबतचा पोलीस तोंड फिरवून उभा राहिला. मी बारा वर्षांची होते.

गुन्हा माझाच होता. वडील गेल्यावर चुलता सामाईक विहिरीवर आपल्याला पाणी भरू देईना. आईची भरली घागर त्यानं लाथेनं उडवली, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चुलीतला निखारा खापरीत घेतला आणि त्याच्या कडब्याच्या गंजीला लावला. गंजीमागं कालवड बांधलेली होती. मला ते माहीत नव्हतं. तिचं ओरडणं सगळ्या आळीनं ऐकलं.

मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला, अठरा वर्षांची होईपर्यंत पुण्याच्या सुधारशाळेत.

आईनं अपील केलं. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी अर्ज लिहिला, वकीलही त्यांनीच गाठून दिला. दर तारखेला आई तुला कडेवर घेऊन नगरला चालत जायची, वाटेत मुक्काम करून. हे मला फार पुढं मास्तरांकडून कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की सुधारशाळेत माझे केस कापले, दोन वेळा जेवायला मिळतं, मी अक्षरं जुळवून वाचायला लागलेय, आणि कालवडीचं तिथल्या एकाही मुलीला माहीत नाही.

सहा महिन्यांनी मला अपिलासाठी नगरला आणलं. आई शेजारणीचं लुगडं नेसून आली होती. जज्जसाहेबांनी मला जवळ बोलावलं. “मुली, घरी जायचंय का तुला?”

“न्हाई.”

आई पुढं झाली. “सायेब, पोर भ्यालीया. पुन्यांदा इचारा.”

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. अपील फेटाळलं.

बाहेर व्हरांड्यात आईनं माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. “पोटभर देत्यात का?”

“व्हय.”

“मंग ऱ्हा.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तू तिच्या पदराआडून बघत होतास. मला ओळखलं नाहीस.

तीन वर्षांनी ती तापानं गेली. मला वाचता येत होतं, म्हणून मास्तरांचं पत्र शाळेच्या बाईंनी माझ्याच हातात दिलं. तोवर तिकडं सगळं उरकलं होतं.

पुढं मी नर्स झाले. ड्यूटी, क्वार्टर, स्टोव्हवरचा चहा, यात तीस वर्षं गेली. गावी एकदाच आले. तुझ्या बायकोनं पाणी दिलं, बसा म्हणाली. तू मळ्यातून आलाच नाहीस. परत निघताना ती हळूच म्हणाली, “त्ये म्हनत्यात, भाकरीसाटी आईला सोडलं.”

बापू, ते खोटं नाही. भूक होतीच. पण आपल्या दारातून ती जळकी जागा सरळ दिसायची. रोज सकाळी दार उघडून तिकडं बघायला लागू नये, म्हणून मी ‘न्हाई’ म्हणाले. हे जज्जाला सांगायची अक्कल बारा वर्षांच्या पोरीला नव्हती. आईला सांगायला पुढं वेळ मिळाला नाही. सांगते ते तुला, पहिल्यांदाच.

पुण्यात लोक विचारतात, गाव कोणतं? मी तिसगाव म्हणते. गावी कोण असतं, म्हटलं की भाऊ असतो, म्हणते.

मला घरात नको नेऊस. पाणीही नको. आईला जिथं जाळलं ती जागा मला कुणी दाखवली नाही. तेवढी दाखव. माझं घर आता तेवढंच उरलंय.

तुझी अक्का