आधी दार लोटावं लागतं

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेलो होतो. त्याच्या एका अटीवरून ऑफिसात बैठक लांबली होती आणि तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे गेले..." भांडण अर्धवट टाकून गेला. हे त्याला शोभलं नाही.

परळच्या चाळीत आम्ही शेजारी. पुढे तो पैशांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या नियामक कार्यालयात लागला आणि मी फोनवरून पैसे पाठवायची सोय करणाऱ्या कंपनीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नुसतं बोलून पैसे पाठवावेत, असं आम्ही काहीतरी बनवलं. मैत्री आड नको म्हणून आमची फाइल त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. पण अट त्याचीच, आणि ती सगळ्या कंपन्यांना. पैसे जाण्याआधी फोनने समोरच्याचं नाव मोठ्याने सांगायचं आणि माणूस "हो" म्हणेपर्यंत थांबायचं. ऑफिसातली आमची पोरं वैतागली. लोक थांबत नाहीत, कंटाळून फोन ठेवतात. मी म्हटलं, "सुध्या, तू म्हणजे नुसता खोडा आहेस रे!" त्यावर तो शांतपणे, "ज्याला वाचता येत नाही त्याला चुकलेलं नाव दिसणार कसं? आधी थोड्या लोकांवर चाचणी घे, मग बोल." चाचणीवर चाचणी, आणि परवानगीचा पत्ता नाही.

दादरच्या त्याच्या घरीही तीच तऱ्हा. बेल वाजवली की दार चार बोटं उघडायचं, साखळी ताणलेली, फटीत एक डोळा. "कोण?" "अरे, दिसतोय ना मी!" "नाव सांग." नाव सांगितलं की तोंडावर दार बंद! एकदा मी भडकलोच. तो म्हणाला, "साखळी काढायला दार आधी लोटावं लागतं, मगच ते पूर्ण उघडतं. तुम्हा लोकांना एवढंच कळत नाही."

गेल्या आठवड्यात परवानगी आली. सुधाकरच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी ती अट काढून टाकली होती. आमच्या पोरांनी त्याच दुपारी ते नाव सांगून थांबणं उडवलं आणि पेढे वाटले. मला हवं तेच झालं होतं, तरी पेढा मी तसाच टेबलावर ठेवला. राग तसाच होता, फक्त आता तो काढायचा कोणावर?

संध्याकाळी दादरला गेलो. बेल वाजवताच दार सताड उघडलं. "या भावोजी."

"आधी साखळी लावा, वहिनी!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्या दचकल्या. मग त्यांनी दार लोटलं, साखळी अडकवली आणि फटीतून विचारलं, "कोण?"

मला माझं नाव सांगता येईना...