उद्धट म्हणजे नेमकं काय केलं?

व्हर्नेल गॅडिसचा आवाज मोठा होता. घरात सगळ्यांचेच मोठे. वडील कागदाच्या गिरणीत कामाला, त्यामुळे यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय लागलेली. आई काळ्यांच्या चर्चमध्ये गाणारी. त्या घरात कुणी हळू बोललं तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघायची. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या नदीकाठच्या गावातून व्हर्नेल मेम्फिस शहरात शिकायला गेली, मानसशास्त्र शिकली, तिथल्याच शाळांमध्ये उमेदीची वर्षं काढली आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा गावी परतली. गावच्या शाळेत मानसशास्त्रज्ञाची जागा रिकामी होती. तिथे कुणी टिकतच नसे.

शाळेने तिला बॉयलरशेजारची खोली दिली आणि काम सांगितलं: आम्ही मुलं पाठवू, तुम्ही तपासायची आणि अहवाल द्यायचा. अहवालात ‘वर्तनदोष’ हा शब्द आला की त्या मुलाची रवानगी व्यायामशाळेमागच्या पत्र्याच्या वर्गात. व्हर्नेल तो वर्ग बघून आली. शाळेत गोरी मुलं निम्मी, काळी निम्मी. पत्र्याच्या वर्गात मात्र एक गोरा पोरगा सोडला तर सगळी काळी. आणि याबद्दल सगळं गाव मूग गिळून बसलेलं.

तिने मुख्याध्यापक ब्रँड्टना सरळ विचारलं.

“मिसेस गॅडिस,” ते म्हणाले, “आम्ही रंग बघत नाही. वागणूक बघतो.”

“मग मलाही ती वागणूकच दाखवा,” ती म्हणाली.

मुलाला वर्गाबाहेर काढलं की शिक्षक व्हर्नेलकडे चिठ्ठी पाठवत. ‘उद्धट.’ ‘उर्मट.’ ‘अनादर केला.’ व्हर्नेलने त्या चिठ्ठ्या परत पाठवायला सुरुवात केली. खाली लाल शाईत एकच प्रश्न असायचा: उद्धट म्हणजे नेमकं काय केलं? डोळ्यांना काय दिसलं, कानांना काय ऐकू आलं, तेवढंच लिहा. शिक्षकांच्या खोलीत तिला ‘मेम्फिसची शहाणी’ म्हणू लागले. तिच्या कानावर ते आलं. “नाव चांगलं आहे,” ती म्हणाली, “पण प्रश्नाचं उत्तर कुठाय?”

अशात डेझरे बॉनरचं प्रकरण आलं. डेझरे सातवीत होती. बारा वर्षांची, पण उंची अशी की नवख्या माणसाने तिला कॉलेजची समजावं. आई लोरेन कोंबड्या कापायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला. मिसेस केसलर यांच्या विज्ञानाच्या तासाला डेझरेला इतक्यांदा बाहेर काढलं होतं, की आता तिला वर्षभरासाठी दुसऱ्या तालुक्यातल्या सुधार-शाळेत धाडायचं घाटत होतं. सुनावणी ठरली. ब्रँड्टना व्हर्नेलकडून फक्त अहवाल हवा होता.

“मी आधी वर्गात बसणार,” व्हर्नेल म्हणाली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

केसलरबाई शिकवायच्या छान. बेडकाचं हृदय फळ्यावर असं काढलं की पोरं माना पुढे करून बघायला लागली. बाईंनी प्रश्न विचारला आणि टकर नावाचा गोरा मुलगा हात वर न करताच ओरडला, “तीन कप्पे!”

“अरे हो हो, जरा दम धर!” बाई हसल्या.

पुढच्या प्रश्नाला डेझरे ओरडली. उत्तर बरोबर होतं.

“डेझरे. शेवटची ताकीद.”

“पण मॅडम, मी केलं काय?”

“उलट बोलू नकोस.”

“मी बोलत नाहीये, विचारतेय! मी केलं काय?”

“ऊठ. बाहेर हो.”

डेझरेने दप्तर उचललं. जाताना तिची नजर मागच्या बाकावर आली. त्या नजरेत राग नव्हता. बघितलंत ना, एवढंच होतं.

तास संपल्यावर व्हर्नेल केसलरबाईंशी एकांतात बोलली. आपण काय पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला.

“म्हणजे मी काळ्या मुलांचा द्वेष करते, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“तुम्ही कशा आहात ते मला माहीत नाही, बाई. आज दुपारी काय झालं ते माहीत आहे.”

“इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नाही!”

“तेच तर दुर्दैव,” व्हर्नेल म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वाटलं, हे शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं. बाई रडत निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या शाळेत झालं की गॅडिसबाईंनी केसलरबाईंना रडवलं.

ब्रँड्टनी बोलावून घेतलं. “अहवालात वर्तनदोष लिहा, म्हणजे निदान सुधार-शाळा टळेल. पत्र्याच्या वर्गात ठेवू तिला. तिच्याच भल्यासाठी.”

“पोरीत दोष नाही. तो मी लिहिणार नाही.”

“तुमचा करार दरवर्षी नवा होतो, हे लक्षात आहे ना?”

“आहे. आणि मी खोटं लिहिणार नाही हेही तुमच्या लक्षात राहू द्या.”

सुनावणीला लांब टेबलामागे शाळा-मंडळाचे तीन सभासद बसले होते, दाराशी शाळेचा पोलीस. लोरेन कामावरून थेट आलेली, केसांवरची जाळी काढायचीही विसरलेली. ब्रँड्टनी सांगितलं, मुलगी आक्रमक आहे, शिक्षिकेला तिची भीती वाटते.

व्हर्नेल म्हणाली, “मी त्या वर्गात होते. तिने काय केलं ते करून दाखवू?”

अध्यक्ष व्हिटलोंनी होकारार्थी मान हलवली. व्हर्नेल खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि आपल्या घराण्याच्या आवाजात म्हणाली, “मी विचारतेय! मी केलं काय?”

खिडकीच्या काचा थरथरल्या. दाराशी पोलीस ताठ झाला. व्हिटलोंनी खुर्ची झटकन मागे घेतली.

व्हर्नेल जागची हलली नव्हती. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “मिस्टर व्हिटलो, तुम्ही खुर्ची मागे घेतलीत. मी एक प्रश्न विचारला, तोही बसून. माझ्या हातात काही नाही. नातवंडांची आजी आहे मी. तुम्ही मला घाबरलात, कारण माझा आवाज मोठा आहे आणि मी काळी आहे. आता बारा वर्षांच्या पोरीला तुम्ही गावाबाहेर घालवणार, ते ह्याच भीतीपायी.”

“हे नाटक झालं!” ब्रँड्ट उसळले.

“हीच तुमची सगळी घटना, साहेब. याहून जास्त काही घडलं असेल तर सांगा. मी तेही करून दाखवते.”

डेझरेने ओठ घट्ट मिटले होते. हसू दाबत होती की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक. लोरेन मात्र उघड हसली.

मंडळाने डेझरेला सुधार-शाळेत पाठवलं नाही. पत्र्याच्या वर्गातही नाही. चूक झाली असंही कुणी म्हणालं नाही. उन्हाळ्यात करार नवा झाला तेव्हा व्हर्नेलची बदली प्राथमिक शाळेत झाली होती. मोठ्या मुलांच्या सुनावण्यांमधून तिला वगळलं होतं. नवरा भडकला. “शिक्षा दिली तुला त्यांनी!”

“देऊ दे की. पाच वर्षांच्या पोरांवर ‘उद्धट’ लिहितात ते तिथेच. रोग जिथे मूळ धरतो तिथे गेलेलं बरं.”

तिथे तिने पहिल्याच दिवशी लाल पेन काढलं. काही शिक्षिका कुरकुरल्या. एक तरुण शिक्षिका मात्र म्हणाली, “मिसेस गॅडिस, चिठ्ठी लिहायला बसले आणि काही सुचेना. पोराने नक्की काय केलं, मलाच सांगता येईना. मग फाडून टाकली.” त्यानंतर ती स्वतःच व्हर्नेलला वर्गात बोलवायला लागली. केसलरबाई तिच्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण सुनावणीनंतर डेझरेला त्यांनी पुन्हा वर्गाबाहेर काढलं नाही, हे डेझरेनेच सांगितलं.

आणि लोरेन. पुढच्या सुनावणीला दुसऱ्याच बाईचा मुलगा होता, तरी लोरेन जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. त्यानंतरच्या सुनावणीला तिच्याबरोबर कारखान्यातल्या आणखी बाया. मंडळाने वेळ बदलून भर सकाळची, कारखान्याच्या पाळीतलीच केली. बाया पाळ्या बदलून आल्या. रबरी बूट, डोक्यावर जाळ्या, अंगाला कोंबड्यांचा वास. व्हिटलोंनी नाक मुरडलं.

“इथे फक्त घरच्यांना बसता येतं,” ते म्हणाले.

“आम्ही सगळ्या घरच्याच आहोत,” लोरेन म्हणाली. “चुलत, मावस, आते. ह्या गावात आमच्यातलं कोण कुणाचं लागत नाही? करा चौकशी.”

बायांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मग त्यांच्यातली एक वयस्क बाई मोठ्यांदा म्हणाली, “हं, सांगा आता. आमच्या पोराने नेमकं काय केलं?”