बनुबाईच्या गोठ्यातलं मशीन

कल्याणची पारख साऱ्या राहाता तालुक्याला ठाऊक. गाय घ्यायची तर आधी त्याला बोलवायचं. तो दात बघायचा, कास चाचपायचा आणि दोनच गोष्टी विचारायचा: खाते किती, देते किती. चाळीस वर्षांत त्याने निवडलेली गाय कुणी परत आणली नाही. अशा माणसाला "मला न्हाई कळत" म्हणायची सवयच राहत नाही बघा.

पुतण्या आदिनाथने बिटकॉइन मिळवायचं मशीन घ्यायचं काढलं. ते नाणं हातात येत नाही, डब्यात वाजत नाही. मशीन रात्रंदिवस आकडेमोड करत बसतं आणि कमाई म्हणे मोबाईलमध्ये दिसते. दुसरं कसलंच काम त्या मशीनला येत नाही. आदिनाथची आई बनुबाई म्हणाली, "भावजींना संगं ने. त्येंनी बघितल्याबिगर आपल्या गोठ्यात काय आलं न्हाई."

ठेवायचं गोठ्यातच होतं. वर सोलर, तीन बाजू उघड्या, मशीनचा गरम वारा निघून जाईल म्हणून.

नगरच्या दुकानात दोन मशिनी चालू होत्या. एक लहान, आवाज न करणारी, कमाईही बेताचीच. दुसरी चार पंख्यांची. कल्याणने विचारलं, "खाती किती, देती किती?" विजेच्या मानाने मोठीच सरस निघाली.

"पण ही आवाज लई करती, बाबा. घराजवळ नका ठेवू," दुकानदार ओरडूनच म्हणाला.

"दुभत्या जनावरानं हंबरायचं बी न्हाई व्हय?" कल्याण म्हणाला. सगळे हसले. मोठीच घेतली.

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी तो गोठ्यात गेला. पिठाच्या गिरणीत उभं राहावं तशी मशीनची घरघर. तीन वर्षांपूर्वी त्यानेच निवडलेली गाय अंग चोरून उभी होती. बनुबाईने कास धुतली, पाठ खाजवली, पण गाय पान्हा सोडेना. कल्याणला तिथल्या तिथं कळलं.

"हवा बदलली आसंल, वैनी," तो म्हणाला आणि घरी गेला.

मग पंधरा दिवस त्याने ती वाटच टाळली. शेवटी बनुबाईच दारात आली. "भावजी, गाय चोरटी निघाली, दूध चोरून धरती. दोन लिटरवर आली. गिऱ्हाईक बगा."

खरं सांगायची वेळ हीच होती. तोंडातून "बरं" निघालं.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्याने गाय आपल्या शांत अंगणात आणून बांधली. सकाळी राहात्याच्या बाजारात मेहताब व्यापाऱ्याने रीतीप्रमाणे धार काढून बघितली. बादली फेसाने भरली.

"कल्यानभाऊ, अशी गाय इकता? घरात समदं ठीक हाय ना?" मेहताबने रुमालाखाली कल्याणचा हात धरला आणि बोटं दाबून भाव सांगितला. भाव चांगला होता. कल्याणने हात काढून घेतला.

"इकायची न्हाई."

"मग आनली कशाला, बाजार दावायला?"

कल्याण टेम्पोतून गाय घेऊन परतला. बनुबाई गोठ्यातच होती.

"वैनी, गाय चांगली हाय, मशीन खोटं निवडलं."

"काय?" घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा मोठ्याने बोलला. "काय म्हनता?"

कल्याणने जाऊन बटण बंद केलं. पंखे थांबले. त्या शांततेत त्याने तेच शब्द तिसऱ्यांदा म्हटले. मग सगळं सांगितलं, दुकानदाराचं आणि स्वतःच्या विनोदाचंही.

"तुमाला कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिशी."

बनुबाई गाईकडे वळली. "पंधरा दिस मी हिला चोरटी म्हनत हुते. दोनदा दांडकं बी मारलं."

"मला मारा, वैनी."

"तुमाला मारून दूध येत न्हाई." तिने गाय दाव्याला बांधली, वैरण टाकली. "आदिनाथ सांजच्याला यील. त्याला तुमीच सांगा. मी सांगनार न्हाई."

ती घरात गेली. दुपारचे दोनच वाजले होते. कल्याण गव्हाणीच्या कडेला टेकला आणि वाट बघत बसला.