काचेतल्या कोटाचा मालक

आमच्या शहरात रविवारी करण्यासारखं काही नसतं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी त्या दिवशी दंडाला धरून संग्रहालयात नेलं असतं. मोठ्या दालनात मराठवाड्यातल्या कलावंतांच्या वस्तू मांडल्या होत्या आणि मी वय विसरून या काचेकडून त्या काचेकडे पळत होतो. वासुदेवाची मोरपिसांची टोपी होती. जलशातल्या शाहिराचा डफ होता, हाताच्या घामानं कडेला काळा पडलेला. एका कोपऱ्यात हिमरू शालींचा माग होता आणि त्यावर विणकर खरोखरच विणत बसला होता. बाहेर अंगणात मंडप. दुपारी कव्वाली, मग जलसा, संध्याकाळी गोंधळ. मला एकाच वेळी सगळीकडे असायचं होतं.

पण मी नुसता प्रेक्षक नव्हतो. मी त्या दिवशी शिकारी होतो.

झालं असं होतं. आदल्या आठवड्यात मांडामांड चालली असताना मी तिथं लुडबुडायला गेलो होतो. संग्रहालयाच्या बाई माझ्या कॉलेजातली मैत्रीण आणि मी हौशी नाटकं बसवणारा, त्यामुळं मला कुणी हाकलत नाही. फुलंब्रीकडचे एक बहुरूपी आपल्या वडिलांचा खाकी कोट प्रदर्शनासाठी घेऊन आले होते. हा कोट चढवून त्यांचे वडील फौजदार बनायचे, गावात शिरून सगळ्यांना दम भरायचे, आणि गाव पुरतं घाबरलं की टोपी काढून बिदागी मागायचे. बहुरूप्याचा रिवाजच तो. आधी फसवायचं, मग आपणहून उघडं व्हायचं आणि मगच हात पुढं करायचा. सोंग आधीच ओळखू आलं तर बिदागी मागायची नाही, मुकाट पुढच्या गावाला जायचं.

त्यांनी काचेत टांगलेला कोट डोळे भरून पाहिला. मग खालची पाटी वाचली आणि त्यांच्या झुबकेदार मिशा थरथरल्या. पाटीवर लिहिलं होतं, ‘बहुरूपी : लुप्त झालेली लोककला’.

“बाई, मी लुप्त झालो व्हय?”

“तसं नाही हो काका, अभ्यासकांनी...”

“मग ह्यो कोट कुणी आणून दिला? भुतानं?”

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत. “माझं पोरगं कंपनीत हाय,” ते म्हणाले. “रोज मागं लागतंय, आबा, सोडा आता हे. आता ही पाटी बघितली, की म्हणंल, तुम्ही म्युझियमात गेला, आता घरी बसा.”

मग माझ्याकडे बोट दाखवून ते बाईंना म्हणाले,

“हे नाटकवाले साहेब हायेत ना? रविवारी मी सोंग घेऊन येतो. गोंधळाचं संबळ वाजायच्या आत ह्यांनी मला वळखलं, तर पाटी राहू द्या. मी सोंग सोडलं, घरी बसतो. नाय वळखलं, तर पाटी उतरवायची.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती फुगवली. माझं अर्धं आयुष्य रंगपटात गेलंय. चिकटवलेली दाढी मला रस्त्याच्या पलीकडून दिसते. त्या माणसानं जिंकावं असं मनापासून वाटत होतं, पण काय करणार, मुद्दाम हरणं मला जमत नाही.

तर रविवारी दारातच मला एक मावशी भेटल्या. नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा, आणि हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला मफलर. एक गाल टम्म फुगलेला.

“दादा, जरा पिशवी धरता का? दाढ लई ठणकायलीय.”

मी पिशवी खांद्याला लावली. मग मावशी माझ्याबरोबरच फिरू लागल्या. प्रत्येक वस्तूसमोर त्यांना फोटो हवा होता. “डफाजवळ काढा. आता टोपीजवळ. गाल येऊ देऊ नका बरं का.” असा प्रेक्षक मिळाल्यावर मी कसला गप्प बसतो? बहुरूप्याची गोष्ट मी त्यांना सगळी सांगून टाकली.

मावशींचे डोळे भिंगांमागं लकाकले. “अगं बाई! मंग तो इथंच फिरत आसंल. चला, दोघं मिळून धरू त्याला.”

आम्ही कामाला लागलो. मागावर बसलेल्या विणकराला मी तीनदा तीन बाजूंनी न्याहाळलं. शेवटी तो म्हणाला, “साब, आप देख रहे के घूर रहे?” मावशींनी मला बाजूला ओढलं. “त्यो नव्हं. त्याचे हात बघा की, कसे चालायलेत.” बरोबर होतं. ते हात सोंगाचे नव्हते. मग टोपी घातलेल्या एका पर्यटकाला मी एकदम मराठीतून विचारलं, “काय आबा, उकडतंय का?” तो घाबरून जर्मन की कुठल्या तरी भाषेत बोलला. मी म्हणालो, “वा, तयारी जोरदार आहे!” आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याची बायको धावत आली तेव्हा माझी खात्री पटली, की हा तो नव्हे.

मंडपात कव्वाली रंगली होती. ढोलकाचा ठेका पायातून वर चढत होता, शेजारचे आजोबा “क्या बात है” म्हणून उसळत होते आणि मी टाळ्या वाजवता वाजवता माणसं तपासत होतो. इतकं मजेदार काम मला पगार देऊन कुणी कधी दिलं नाही.

तेवढ्यात मावशींनी मला कोपरानं ढोसलं. “दादा, पुढच्या रांगेत बघा. मिशा.”

आणि खरंच, काय मिशा होत्या! झुबकेदार, टोकांना पीळ दिलेल्या, खाली कडक इस्त्रीचा कोट. उंचीही तेवढीच, खांदेही तसेच.

“तोच!” मी म्हणालो.

“मंग ओढा की. भिता काय?”

मी पुढं झालो, नाटकातल्यासारखा वाकून मुजरा केला आणि सगळ्या मंडपादेखत उजवी मिशी ओढली. मिशी आली नाही. साहेब मात्र मिशीसकट माझ्याकडे आले. ते छावणीतले निवृत्त सुभेदार होते आणि जलशाचे प्रमुख पाहुणे होते.

“क्या मियाँ,” ते डोळे पुसत म्हणाले, “उखाड के घर ले जाते क्या?”

मावशी धावून आल्या, पदर सावरत, हात जोडत. “माफ करा साहेब, आमच्या भावाला उन्हाचा तरास हाय.” सुभेदार पोट धरून हसले. मंडप हसला. बाई लांबून कपाळाला हात लावताना दिसल्या.

मग मावशींनीच मला चहाच्या टपरीवर नेलं. चहा पाजला, मिरचीची भजी खाऊ घातली, आणि स्वतःही दोन भजी कुरुमकुरुम खाल्ली. “शांत बसा जरा. सापडंल.” किती प्रेमळ बाई, असं मला वाटलं.

जलसा झाला. शाहिराच्या पोरींनी डफावर अशी थाप मारली, की काचेतल्या डफाला हेवा वाटला असेल. उन्हं उतरली. गोंधळी दिवटी पेटवू लागले आणि मला कळलं, की माझी शिकार संपली. संबळावर पहिली काठी पडली. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय रे, ओळखलंस?”

“आलाच नाही तो,” मी म्हणालो. आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. इतका मोठा शब्द देऊन गेलेला माणूस घरी बसला, म्हणजे पोरगं जिंकलं. “पाटी राहू दे.”

“आला नाय कसा?” मावशी म्हणाल्या. “मंग त्याची पिशवी सकाळपासून कुणाच्या खांद्याला हाय?”

आवाज बदललेला होता. मी खांद्याकडे पाहिलं. मावशींनी गालातून कापसाचा बोळा काढला, चष्मा काढला, मफलर सोडला. माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून फेटा काढून पदरावरच गुंडाळला. समोर बहुरूपी उभे. फक्त मिशा नव्हत्या. नाकाखालची कातडी पांढरट, लहान मुलासारखी दिसत होती.

“मिशा?” एवढंच मला सुचलं.

“बाप गेला तेव्हा उतरवल्या होत्या, त्यानंतर आजच. तुम्ही मिशाच हुडकणार हे ठावं होतं.” मग डोळे मिचकावून म्हणाले, “आन् साहेब, चहा पिताना मी दाढ बदलली. डाव्या गालातला बोळा उजव्या गालात. दुखरी दाढ घेऊन भजीबी खाल्ली. आता याहून किती मदत करायची तुम्हाला?”

सुभेदार सगळ्यात मोठ्यानं हसले. मग बहुरूप्यांनी पदर पसरला, रिवाजाप्रमाणे, बाईंसमोर. सगळ्यांचे हात खिशाकडे गेले. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

“ती पाटी द्या. घरी पोराच्या कॉटवर टांगतो.”

बाई आत गेल्या. मी मागून धावलो, कारण तो कुलूप उघडण्याचा क्षण मला चुकवायचा नव्हता. बाईंनी नखानं पाटी सोडवली आणि बाहेर येऊन पदरात टाकली. बहुरूपी त्याच वेषात गोंधळ्यांच्या शेजारी जाऊन नाचले, नऊवारीत आणि फेट्यात, पाटी कमरेला खोचून. आम्हीही नाचलो. मला मुळीच लाज राहिली नव्हती.

कोट अजून काचेत आहे. खाली गोंदाचे चार ठिपके आहेत. काय लिहू, असं बाई मला दर आठवड्याला विचारतात. मी म्हणतो, त्यांनाच विचार.

माझं मात्र नुकसान झालंय. परवा उस्मानपुऱ्यात एका वाहतूक हवालदारानं मला अडवलं. खाकी वर्दी, करडा आवाज, एक गाल किंचित फुगलेला. मी टाळ्या वाजवत ओरडलो, “व्वा काका! बिदागी काय देऊ?”

तो तंबाखू थुंकून म्हणाला, “लायसन द्या.”