मे महिन्यातले स्वेटर

ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि रायपुरातला तो मे महिना आठवला. ध्रुवावरच्या बर्फाखाली हरवलेलं जग शोधायला निघालेल्या कुटुंबाचा पिक्चर लागला होता, आणि आईने भर उन्हात सगळ्यांचे स्वेटर पिशवीत भरले. "काहून वं आई?" "बरफाचा पिक्चर हाय, थंडी वाजन." दारात पिशवी तपासणारी बाई हसली, मागची रांगही हसली, मी लाजेने अर्धमेली झाले. पण पडद्यावर ती माणसं बर्फात शिरेपर्यंत एसीने अख्खा हॉल गारठला. शेजारच्या खुर्चीतली बाई कुडकुडत म्हणाली, "दीदी, एक और है क्या?" आईने अंगातला काढून दिला. आज पिक्चरला निघालेल्या लेकीच्या पिशवीत मी स्वेटर कोंबला. "मम्मी, मई में स्वेटर?" "हव," मी म्हटलं, "अन् दोन घे, एक शेजारच्याले लागन."