टेकलेली टाच

सीताबर्डीवर माझं साड्यांचं दुकान आहे, पण ओळखीचे लोक मला विचारतात ते बॉक्सिंगचं. कोण जिंकेल हे मी दुसऱ्या राउंडलाच सांगतो आणि सहसा चुकत नाही. ही नजर कुहीकडच्या शंकरपटातली. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत माझे वडील बैलाचं वशिंड पाहायचे नाहीत, खूर पाहायचे. मी बॉक्सरच्या टाचा पाहतो. टाच टेकायला लागली की गडी थकला, मग त्याचे दंड केवढेही असोत.

परदेशातल्या हेवीवेट लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. तर्री-पोहे घेऊन मी आणि माझी लेक टीव्हीसमोर बसायचो. मी टाचांवर प्रवचन द्यायचो, ती मुकाट ऐकायची. पुढे ती स्वतःच रिंगमध्ये उतरली, तीही हेवीवेट गटात. नातेवाइकांना तिच्या वजनाची फार काळजी, मला मुळीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात राज्य स्पर्धेची अंतिम लढत नागपुरातच होती. जिंकणारी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. आदल्या दिवशी लेकीने विचारलं, "बाबा, कोण जिंकन?"

तिच्याविरुद्ध लढणारी मुलगी उंच, लांब हातांची. खोटं बोलायला हवं होतं, पण जमलं नाही.

"समोरची," मी म्हणालो. लेक उठून आत गेली.

"काहून सांगतलं जी तुम्ही?" बायको म्हणाली. "तिच्याजवळ तरी गप राहाचं होतं."

आम्हाला जागा मिळाली ती नेमकी प्रतिस्पर्धी मुलीच्या कोपऱ्यामागे. पहिला राउंड तिने जिंकला, दुसरा आमच्या लेकीने. तिसऱ्याच्या मध्यावर लेकीची टाच टेकलेली मला दिसली. मग दुसरीही टेकली. हात खाली आले.

"संपलं," मी बायकोला म्हटलं. "थकली पोरगी."

त्याच क्षणी समोरचा कोच ओरडला, "थकली ती, आत घूस." त्याची मुलगी हात मोकळे सोडून धावून आली आणि माझ्या लेकीने उजव्या हाताचा असा ठोसा दिला की पंचांना लढत थांबवून आकडे मोजावे लागले. निकाल आमच्या बाजूने लागला. बायको रडत होती, मी अजून लेकीच्या टाचांकडेच पाहत होतो.

बाहेर आल्यावर मी आधी टाचेचंच विचारलं. "तू थकली नव्हती?"

हाताच्या पट्ट्या सोडवत ती म्हणाली, "नाही. तुम्हाले टाच दिसते, मंग तिच्या सरलेही दिसनच ना. म्हणून टेकवली." मग हसली. "पण पहिले तुमच्याकडे पाहिलं, बाबा. तुमचं तोंड उतरलं, तवा समजलं का जमलं."

माझी बरोबर आलेली भाकितं आता मी कोणाला सांगत नाही. हे चुकलेलं मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, साडी घेवो न घेवो.